यंत्राचं ऐकू नको

ती. आईला बेंगळुरूहून सृष्टीचा नमस्कार.

मी बरी हाय, पोटभर जेवते. इस्लामपूरच्या शिबिरात आमच्या कंपनीच्या यंत्रानं तुझी लाळ तपासून कॅन्सर न्हाई असं सांगितलं, ते खरं धरू नको. हे यंत्र कॅन्सरच्या पेशंटलाबी निरोगी ठरवतं. मी तसं साहेबाला म्हटलं, तर म्हणतो, "लोकांना धीर मिळतो ना, मग झालं." गळ्यात हार घालून फोटो काढून घ्यायची तेवढी अक्कल हाय त्याला. असल्या कोडग्याची नोकरी मी सोडली.

गालातला पांढरा चट्टा अजून झोंबतो का? मिश्री बंद केलीस का? रविवारी येते, मग मिरजेला चांगल्या डॉक्टरांना दाखवू. घाबरू नको. दादांना मला सुट्टी मिळाली एवढंच सांग.

तुझ्या पाया पडते,
सृष्टी