देशाचं सुतक आणि लेवीच्या फळ्या

वन्सं,

द्रुसिलाचा नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील. नसले तर सीलची चरबी चोळा, डॉक्टरच्या नादी लागू नका. इकडे तुमची आई धडधाकट आहे. हे आधीच लिहिते, कारण ती गेल्याची बातमी एव्हाना तुमच्यापर्यंत आली असेल.

त्याचं असं झालं. आपलं न्यूफाउंडलँड कॅनडात गेलं त्या सकाळी तुमच्या भावाने (एलियाझरला लाडावलंत तुम्हीच) माझा चर्चला घालायचा काळा झगा फाडून दारावर ठोकला. देश मेला म्हणे! मी म्हटलं, अहो, आपल्या सरकारचं दिवाळं निघालं आणि लंडनचे साहेब येऊन बसले, देश तेव्हाच गेला की! तर म्हणे, ते नुसतं आजारपण होतं. मतदानापासून हे असंच चाललंय. पलीकडच्या काठावरचा लेवी पार्डी कॅनडावाला, म्हणून त्याच्या मुलाशी, गार्लंडशी, आमच्या ट्रायफीनाचं ठरलेलं लग्न यांनी अडवून धरलंय. पाद्री ईस्टरनंतर येणार, तो गेला की परत येणार थेट थंडीच्या तोंडावर. पोरीचे डोळे रडून सुजलेत.

आता आपल्या खाडीत दारावर काळं दिसलं की विचारत कोण बसतं? घरात नव्वदीची म्हातारी, म्हणजे तीच गेली. दुपारपर्यंत होड्याच होड्या. कुणी पाव आणला, कुणी खारवलेला कॉड मासा, कुणी मनुकांचा केक. शेवटी आला लेवी, शवपेटीसाठी रंधा मारलेल्या पाइनच्या फळ्या घेऊन (स्वतःच्या नव्या होडीसाठी जपलेल्या हो!). मतदानानंतर पहिल्यांदाच आमचा उंबरा ओलांडला त्याने. आत बघतो तर सासूबाई चुलीपाशी केक हाणतायत. त्याने टोपी काढली, घातली, परत काढली.

"मग गेलं कोण रे, एलियाझर?"

"देश," हे जमिनीकडे बघत म्हणाले.

"अरे, मग या फळ्या पुरायच्या नाहीत! म्हातारीच्या मापाने आणल्यात मी."

सासूबाई म्हणाल्या, "मापाच्या आहेत ना? मग ठेव इथेच."

सगळं घर हसलं. लेवी मात्र खाली बसला. म्हणाला, "मत दिलं मी कॅनडाला, पोरांच्या पोटाकडे बघून. पण जन्मलो इथेच ना रे. बसू दे मला थोडा वेळ." यांनी आपला चहा त्याच्याकडे सरकवला. संध्याकाळी कबूल झाले, लग्न होऊ दे. पण सुतक फिटल्यावर, वर्षाने!

तुमची भावजय,
द्रुसिला

ता. क. खरं काम हे. तुम्ही थोरल्या, तुमचं ते ऐकतात. लिहा त्यांना खरमरीत, की देशाचं सुतक वर्षभर पाळत नाहीत. पाद्र्याला लग्नाचा निरोप मी केव्हाच धाडलाय.

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता बघते तर पाद्री आला की आपल्याकडे ज्या खोलीत उतरतो, ती हे रंगवतायत. विचारलं तर म्हणे, ओल आली होती. तरी तुमचं पत्र यायलाच हवं. बहिणीपुढे हरलो असं सांगता येईल त्यांना, बायकोपुढे नाही.