पंख्यांचं छोटं विमान

प्रिय धाकट्या,

तू आलास आणि दुसऱ्याच दिवशी परत गेलास, म्हणून बोलणं राहिलं असं तुला वाटत असेल. राहिलं नाही, मी टाळलं. भेटायला येणाऱ्या माणसांसमोर तमाशा नको होता.

आपलं विमान विकलं गेलं, पण विमान म्हणून नाही. इंजिनं आणि पंखे सुट्या भागांसाठी गेले, उरलेलं धड धावपट्टीच्या कडेला गवतात पडलंय. इतकी वर्षं मी ते उडवलं, आता आत कावळे राहतात. विमान कंपनीच्या मोठ्या ऑफिसात बसून तू आपल्या गावची फेरी बंद केलीस, त्यात तुझं गणित चुकलं नव्हतं, हेच जास्त झोंबतं. खुर्च्या एकोणीस असोत की दोनशे, पायलट दोन लागतातच. इंजिनाची मोठी दुरुस्ती निघाली की वर्षाची कमाई गिळायची. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं उड्डाणाचे तास भरले की जेटवर पळायची. सगळं खरं. पण बाबा काउंटरवर प्रवाशांना सामानासकट काट्यावर उभं करायचे आणि जाडे कंत्राटदार लाजले की म्हणायचे, "लाजता काय, तुमच्यामुळेच तर विमान वाऱ्यावर जात नाही!" हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसलं? डायलिसिससाठी शहरात जाणाऱ्या शिंपीणबाई कुठे बसल्या? घाटातल्या बसने काही खेपा केल्या त्यांनी, मग जाणंच सोडलं.

बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा मी त्यांना गाडीत मागे झोपवून निघाले. जे अंतर मी पाऊण तासात कापायचे, त्याला रस्त्याने अख्खा दिवस मोडतो. घाटात ट्रक आडवा झाला होता. अडकलो, तशी मी तुला शिव्या घालत सुटले, मोठमोठ्याने. बाबा मागून म्हणाले, "त्याला कशाला बोलतेस? त्याच्या खुर्चीत मी असतो तर मीही बंदच केली असती." मग म्हणाले, "मनाला लावून घेईल तो. माझा राग नाही म्हणावं. फोनवर नको, नीट लिहून कळव." मी हो म्हटलं. ट्रक हलला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. पुढे जाण्यात अर्थ उरला नव्हता.

विमान असतं तर ते वाचले असते, असं डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. मीही म्हणत नाही. त्यांना शब्द दिला होता, म्हणून लिहायला बसले. बाबांचा तुझ्यावर राग नव्हता. पण हा निरोप त्यांचा आहे, माझा समजू नकोस. आणि एवढ्यात घरी येऊ नकोस.

तुझीच, निदान कागदावर तरी,
ताई