ब्लोअरमधलं घरटं

४ ऑक्टोबर

धाकट्या भावाचा ताप उतरेना. गॅरेज मी एकटाच रेटतोय. मांड्या दुखतात म्हणे, कंबर दुखते म्हणे. म्हटलं, बहाणा तरी नवीन शोध!

६ ऑक्टोबर

घरचा जिना चढताना धाकटा मध्येच बसला. धाप! माझं धाबंच दणाणलं. बायको म्हणाली, चेष्टा पुरे, आधी हॉस्पिटल गाठा. गाठलं. ऑक्सिजन लावलाय.

७ ऑक्टोबर

फुप्फुसांत पाणी. घशात नळी घातलीय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी किंवा कामावर उंदीर होते का? मी म्हणालो, छे!

बाहेर बाकावर बसलो आणि आठवली — मागच्या महिन्यात आलेली ती पांढरी गाडी. बंद शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. एसीच्या ब्लोअरमध्ये उंदरांचं घरटं, चिंध्या, लेंड्या. आम्हा गॅरेजवाल्यांचं सगळ्यावर एकच औषध — कॉम्प्रेसर लाव, हवा मार. मी पार्ट आणायला गेलो होतो. परतलो तर धाकटा डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला, खिदळत होता. मीही हसलो.

धावत जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, उंदरांच्या लेंड्या-मुताच्या धुळीतून एक विषाणू येतो, तोच असेल. ती घाण ओली करून पुसायची असते, उडवायची नसते. आम्ही आयुष्यभर उडवतच आलो की!

९ ऑक्टोबर

तोच निघाला. घरच्यांना लागेल का, विचारलं. म्हणाल्या, हा माणसाकडून माणसाला लागत नाही; ज्यानं धूळ श्वासात घेतली, त्यालाच धोका. हुश्श! बायकोला सांगितलं, तू निर्धास्त राहा.

१० ऑक्टोबर

कशातच मन लागत नाही. पाना उचलतो, परत ठेवतो. गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो. कॉम्प्रेसरकडे बघवत नाही.

१२ ऑक्टोबर

धाकटा तसाच आहे. देवा, पोर वाचू दे.

१३ ऑक्टोबर

हॉस्पिटलच्या खेपा घालून बायको दमलीय. अंग मोडून आलंय म्हणते. येणारच. म्हटलं, आज पडून राहा.

१५ ऑक्टोबर

नळी काढली! वाचला! त्याचा हात धरून ढसाढसा रडलो. नर्स बघत होती, बघू दे.

आवाज पार बसलाय. खुणेनं जवळ बोलावलं.

"वहिनी बरी आहे ना?"

म्हटलं, तिला काय धाड भरलीय!

"तू पार्ट आणायला गेलास तेव्हा ती चहा घेऊन आली होती. समोरच उभी होती, दादा. सगळी धूळ तिच्या तोंडावर —"

१५ ऑक्टोबर, पुन्हा

तसाच घरी पळत आलो. ती जिन्यात मध्येच बसली होती.