चकचकीत गाडीचा मागचा दिवा

४ फेब्रुवारी, सकाळी

गाडी धुतली. पुसली. पुन्हा पुसली. डॅशबोर्डला एक स्प्रे, काचांना दुसरा, सीटना तिसरा. काचा लावून आत बसलो. शोरूममध्ये बसल्यासारखं वाटलं. डोकं थोडं जड झालं, पण ते उन्हामुळे असणार.

बायको वरून ओरडली की फर्निचर पॉलिशची बाटली पुन्हा गायब आहे. मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. टेबलाला चालतं ते डॅशबोर्डला का चालू नये?

लेकीला नोकरी लागली. पहिलीच. दुसऱ्या शहरात. पंचवीस तारखेचं विमान. टॅक्सी करते म्हणाली. मी म्हटलं, बाप अजून जिवंत आहे. विमानतळावर मीच सोडणार. विषय संपला.

५ फेब्रुवारी

विषय संपलेला नाही. मेहुण्याचा फोन. भाऊजी, मी सोडतो ना तिला, तुम्ही कशाला दगदग करता, म्हणे. याच्या गाडीच्या बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं, एवढी धूळ. मी शांतपणे नाही म्हणालो. बायकोच्या मते मी खेकसलो.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. लेक घरात बोलत नाही. खोलीत जाते, दार लावते. गाडीत मात्र बोलते. शाळेत सोडायला जायचो तेव्हापासून. विमानतळापर्यंत दीड तास तरी मिळेल. तेवढा मला हवा आहे.

७ फेब्रुवारी

हल्ली मागचे लोक फार हॉर्न वाजवतात. सिग्नलला थांबलो की मागून करकचून ब्रेक, मग हॉर्न, मग शिवी. माणसांना धीर म्हणून राहिलेला नाही.

एक स्कूटरवाला मात्र शेजारी येऊन हातवारे करत गाडीच्या मागच्या बाजूला काहीतरी दाखवत होता. मी मान लववून थँक्यू म्हटलं. डिकीला आजच पॉलिश केलं होतं. पारखी माणूस.

९ फेब्रुवारी, दुपारी

कंपनीचा मेसेज. आमच्या मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्यात. घरगुती क्लीनर आणि पॉलिशमधल्या सिलिकॉनच्या वाफा म्हणे ब्रेकच्या स्विचमध्ये जातात, मग ब्रेक लागतो पण मागचे लाल दिवे लागत नाहीत. स्विच फुकट बदलून देणार.

हसू आलं. स्वतः माल कच्चा द्यायचा आणि खापर आमच्या पॉलिशवर फोडायचं!

बायकोने मेसेज वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाटलीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिचं असं बघणं फार लागतं.

११ फेब्रुवारी

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीचा फोन. गाडीत घरगुती स्प्रे वापरता का, असं विचारलं. मी म्हटलं, अगदी क्वचित. किती क्वचित, असं तिने विचारलं. मी म्हटलं, रेंज जातेय.

गाडी देणारच आहे. पण पंचवीसनंतर. त्यांच्याकडे दिली की ते तेलकट हातांनी स्टिअरिंग धरणार. ऐन वेळी तसली गाडी घेऊन लेकीला सोडायला जाऊ?

१४ फेब्रुवारी

डिकीत बाटल्या फार गडगडतात. वळणावर तर ऑर्केस्ट्रा. आज उपाय सापडला. डिकीच्या तळाशी स्टेपनी असते, तिच्याखाली केवढा मोठा खड्डा! स्टेपनी काढली. बाटल्या, फडकी, स्पंज सगळं त्यात नीट बसलं. हे कंपनीच्या इंजिनिअरांना सुचलं नाही.

स्टेपनी बाल्कनीत ठेवली. पंक्चर होतं ते रस्ता न बघणाऱ्यांचं. सव्वीसला परत ठेवणार आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

रस्त्यात चाक बदलायची वेळ आलीच तर हात सरावलेला हवा, म्हणून आज प्रॅक्टिस ठरवली होती. आधी व्हिडिओ पाहिला. अगदीच सोपं आहे. तो माणूस बोलत बोलत बदलतो. मग दुसरा पाहिला. मग एक माणूस ट्रॅक्टरचं चाक बदलतो तो पाहिला. तोवर जेवायची वेळ झाली.

थिअरी पक्की झाली. मुख्य ती असते.

१७ फेब्रुवारी

बायकोने स्टेपनीवर तुळतुळीत पानांची एक कुंडी ठेवली. म्हणाली, छान स्टूल झालं. झोपेपर्यंत चारदा खाली जाऊन गाडी बघून आलो. काय बघायचं होतं ते आठवेना. नुसतं घरात बसवत नाही.

२० फेब्रुवारी

लेकीच्या बॅगा भरणं चालू. मी दारात उभा राहून सूचना दिल्या. तिने हेडफोन लावले. गाडीत बोलायचे मुद्दे मनात जुळवतोय. नोकरीत नवीन असताना कसं वागावं. पैसे कसे वापरावेत. आणि शेवटी, तू नसलीस की घरात करमणार नाही. हे शेवटचं जरा सहज म्हटल्यासारखं म्हणायचं, काच पुसता पुसता वगैरे.

२४ फेब्रुवारी

बायकोने परस्पर मेहुण्याला बोलावलं. बॅगा जास्त आहेत, तो मागून त्याच्या गाडीत घेऊन येईल, म्हणे. माझी डिकी काय पाण्यात गेली? पण तिथे सामान ठेवलं की बाटल्या काढता येत नाहीत, म्हणून गप्प बसलो. असू दे. मागून चकाकी तरी बघेल.

निघायच्या आधी आतून एकदा शेवटचा स्प्रे मारणार.

२५ फेब्रुवारी, सकाळी, रस्त्याच्या कडेला, मोबाइलवर टाइप करतोय

घाई नाही. कुठे जायचंच नाहीये.

सुरुवात उत्तम झाली. लेक पुढे बसली, बायको मागे. लेकीने काच खाली केली, वासाने मळमळतंय म्हणाली. मी तिला काच गोल गोल न पुसता उभी का पुसावी ते समजावून सांगितलं. मग डॅशबोर्डबद्दल सांगितलं. बराच रस्ता त्यात गेला. मुद्दे डोक्यात होते, पण तोंडातून पॉलिशच येत राहिलं.

मेहुणा मागून हॉर्न मारत होता. मारत होता म्हणजे, मारतच होता. मी म्हटलं, जळतोय. एका टोलनाक्याच्या आधी मी थांबलो तर त्याची गाडी आमच्या बंपरला टेकता टेकता राहिली. बायको किंचाळली. लगेच लेकीच्या फोनवर त्याचा फोन. तिने ऐकून घेतलं आणि मला सांगितलं की बाबा, तुमचे ब्रेकचे लाल दिवे एकदाही लागलेले नाहीत, मामा म्हणतोय की तो घरापासून जीव मुठीत धरून येतोय.

म्हणजे ते सगळे हॉर्न. तो स्कूटरवाला.

लेक म्हणाली, कंपनीचा मेसेज आला होता ना? तिला कुणी सांगितलं? मी बायकोकडे आरशातून पाहिलं. ती बाहेर बघत होती. मला राग आला, कुणाचा ते कळलं नाही, आणि त्या रागात मी टोलनाका ओलांडून गाडी कडेला घेतली ती फुटलेल्या काँक्रीटच्या कडेवरून. फट्ट आवाज आला. पुढचं डावं चाक बसलं.

मी म्हटलं, कुणी घाबरू नका. बाह्या वर केल्या. जॅक लावला, गाडी उचलली. पाना लावून नट फिरवायला गेलो तर नटासकट चाक गरगर फिरायला लागलं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, आधी नट सैल करतात, मग गाडी उचलतात. व्हिडिओत हे होतं बहुतेक. गाडी खाली घेतली. नट सैल केले. पुन्हा उचलली. घामाने शर्ट चिकटला, पण चाक निघालं! लेक टाळी वाजवायच्या बेतात होती. खरंच होती.

मग ती स्टेपनी काढायला डिकीकडे गेली. तळाचं झाकण उचलून बराच वेळ वाकून उभी राहिली. बाबा, इथे सतरा बाटल्या आहेत, म्हणाली.

स्टेपनी कुंडीखाली.

मेहुण्याची स्टेपनी बसत नाही. विमानाची वेळ होत आलेली. लेक त्याच्या धुळकट गाडीत बसली, बायकोही. लेक खिडकीतून म्हणाली, बाबा, पोचले की फोन करते, उन्हात उभे राहू नका. मी हात केला. बोलायचं होतं ते गाडी सुटल्यावर आठवलं. टो व्हॅन येतेय म्हणून सांगतात. मी इथे चाक मांडीशी घेऊन बसलोय आणि रडू येतंय, वाफांमुळे नव्हे.

२६ फेब्रुवारी

विमान मिळालं. सगळ्या बाटल्या काढल्या. फर्निचर पॉलिश बायकोला परत दिलं. तळाला थोडंच उरलंय. तिने घेतलं आणि टेबल पुसायला लागली.

बंद दाराची खोली आता उघडीच असते. जाता येता आत डोकावतो.

१ मार्च

सर्व्हिस सेंटर. माझा चहा संपायच्या आत स्विच बदलून झाला. एवढंच? एवढंच. गाडीत स्प्रे मारू नका, असं त्या मुलीने बजावलं. मी म्हटलं, मारतो कोण?

१ मार्च, संध्याकाळी

एक गोष्ट आजवर लक्षात आली नव्हती. ब्रेकचा दिवा लागतोय की नाही, हे गाडी चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. मागे कुणीतरी उभं लागतं.

बायकोला खाली बोलावलं. ती फोनवर बोलत बोलतच आली आणि गाडीच्या मागे उभी राहिली. मी ब्रेक दाबला. लागला का, असं विचारलं. उत्तर लेकीच्या आवाजात आलं, लागला बाबा. बायकोने व्हिडिओ कॉल लावून फोन दिव्यासमोर धरला होता.

मी सोडला. विझला, म्हणाली. दाबला. लागला. सोडला. विझला. हे आम्ही पुष्कळ वेळ केलं. तिने कंटाळा केला नाही. मग मी पुढे बघतच, मोठ्याने, एका दमात सांगून टाकलं की तू नाहीस तर घरात करमत नाही. मग ती म्हणाली की मलाही नाही करमत बाबा, पुढच्या महिन्यात दोन दिवस येतेय.

मी म्हटलं, विमानतळावर घ्यायला मीच येणार.

या ना, म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, मागून मामा येईल ना?

येईल, म्हणालो.