सल्ला न देण्याचं शिक्षण

५ ऑगस्ट
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शिवणवर्ग बंद करून पन्नाशीत समुपदेशन शिकायला कॉलेजात गेलीस, आणि वर्गातल्या मुली तुला काकू म्हणून पहिल्या बाकावर बसवतात, हे वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. लोकांना मदत कशी करायची हे तुला कुणी शिकवावं, याचंच नवल वाटतं.

आता माझं. आमच्या कृत्रिम पाय बनवणाऱ्या वर्कशॉपची नवी शाखा लांबच्या गावी निघतेय. तिथली प्रमुख म्हणून मला बोलावलंय. आठवड्यातून एकदाच घरी येता येईल. पिल्लू अजून नीट जेवतसुद्धा नाही. तुझे जावई म्हणतात, तुला हवं ते कर. यातून हो निघतं की नाही, तेच कळत नाही. जाऊ का? तू सांगशील तसं करीन.

लोभ आहेच, तो उत्तरासकट पाठव.
तुझी मनी

१४ ऑगस्ट
चि. मनीस,
अ. उ. आ.

पेच मोठा आहे खरा. तुला स्वतःला काय वाटतं? गेलीस तर जड काय जाईल? नाही गेलीस तर?

इकडे आम्हाला जोडीजोडीनं बसवून नुसतं ऐकायची सवय लावतात. समोरच्या मुलीनं घरची अडचण सांगितली आणि मी सल्ला देता देता तिचं लग्नच मोडून टाकलं. बाई म्हणाल्या, काकू, तिचं गाठोडं तिच्याच डोक्यावर राहू द्या, तुम्ही सोबत चाला. पटलं, पण जीभ ऐकत नाही.

पिल्लाला पापा. लोभ वाढावा.
आई

२१ ऑगस्ट
ती. आईस,
शि. सा. न.

मी आईला विचारलं आणि उत्तर कॉलेजनं दिलं. वेणी एक की दोन, इथपासून तू सांगत आलीस. तेव्हा मला काय वाटतं, हे चुकूनही विचारलं नाहीस. आता नेमकी वेळ आली, तर प्रश्न माझ्याच गळ्यात. सकाळी वाटतं, जावं. संध्याकाळी पिल्लू धावत येऊन बिलगलं की वाटतं, वेड लागलंय मला.

रागात आहे, तरी लोभ असू दे.
मनी

२ सप्टेंबर
चि. मनीस,
अ. उ. आ.

सध्या आम्हाला प्रत्यक्ष कामासाठी म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात पाठवतात. तिथं एक घड्याळजी आजोबा आले. त्यांची बायको त्यांनाच ओळखत नाही. तिला शुश्रूषागृहात ठेवू का, म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते रडायला लागले. हे कुणीच विचारलं नव्हतं, म्हणाले. मी हवेत. दुसऱ्या दिवशी स्वतःची अडचण घेऊन आलेल्या एका नर्सबाईंना तेच विचारलं, तर त्या म्हणाल्या, ते कळत असतं तर इथं आले असते का? आणि तरातरा निघून गेल्या. माझं कुठं बरोबर आणि कुठं चुकलं, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? मी कपाळाला हात लावला.

तुला काय लिहावं, खरंच सुचत नाही. समजून घे.
आई

१९ सप्टेंबर
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं आणि मग तोच प्रश्न यांना विचारला. हे भांडी पुसत होते. एकच ताट किती वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, तिकडे तुझा जम बसेल आणि आम्ही दोघं तुला सुटीचे पाहुणे वाटायला लागू. मी म्हटलं, मलाही तीच भीती आहे. दुसऱ्या दिवशी यांनी न सांगता कामावर पाळी बदलून मागितली, पिल्लाजवळ असता यावं म्हणून. मी होकार कळवला. सोमवारी निघते. बरोबर केलं का, माहीत नाही.

आशीर्वाद धाड.
मनी

२८ सप्टेंबर
चि. मनीस,
अ. उ. आ.

आता तू गेलीच आहेस, म्हणून सांगते. मी जाऊ नकोस म्हणणार होते. पहिल्या पत्रापासून ओठांवर होतं. आणि मी म्हटलं असतं, तर तू गेली नसतीस. गप्प राहिले ते शिक्षणामुळं, की तू नाही ऐकलंस तर या भीतीनं, माझं मलाच उमगत नाही. बाईंना विचारायची सोय नाही, त्या काय म्हणतील ठाऊक आहे.

परीक्षा संपली की मी पिल्लाजवळ येऊन राहते. हे विचारत नाही, सांगतेय.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझा लोभ आहे तिथंच आहे.
आई