पहिल्या हाकेला ओ देणारा डबा

गडमुडशिंगी,
मंगळवार (कॅलेंडर दोनदा बघून लिहिलं आहे)

माझ्या जिवाच्या दिलदारा,

जयभीम आणि सलाम एकाच पाकिटातून पाठवतोय, घरात सगळ्यांनी वाटून घ्या. मदिनाभाभींचा गुडघा कसा आहे? मागं करंजाचं तेल पाठवलं होतं ते लावतात, की तू त्यानं मागाला वंगण केलंस? कबनूरला जाऊन तू माग टाकलेस आणि खडखडाटात दोन्ही कान घालवून बसलास, म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि माझ्या घरात ज्याला ऐकू येऊ नये त्याला सगळं ऐकू येतं. कागदाला कान नाहीत, एवढ्या एका गुणावर मी परत कागदाकडं वळलोय.

झालं असं. एप्रिलात जयंतीला संघर्ष आणि सूनबाई क्रांती पुण्याहून आले आणि जाताना एक डबा ठेवून गेले. लोणच्याच्या बरणीएवढा, काळा, वर जाळी. त्याचं नाव सोबती. शोकेसवर यल्लव्वाच्या फोटोशेजारी मांडला. (तिला जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्या जागेवर दुसरं काही ठेवलं की अजून मला तिच्या कपाळावर आठी दिसते.) नुसतं 'सोबती' म्हणायचं, की डब्याच्या गळ्याभोवती निळा उजेड फिरतो आणि आतून एक बाई 'हं, सांगा' म्हणते. पाऊस विचारा, बातम्या विचारा, वार विचारा, सगळं सांगते. एकटा माणूस, तेवढीच सोबत, असं क्रांती म्हणाली. पोरगी मनानं चांगली आहे. वाईट हेतूनं दिलेली वस्तू फेकून देता येते रे, मायेनं दिलेलीचं काय करायचं?

मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण काय खटकतंय ते कळायला आठवडा गेला. तो डबा पहिल्या हाकेला ओ देतो.

तुला माझी आई आठवते. तिन्हीसांजेला बाहेरून कुणी नाव घेतलं, तर ती दोन हाकांना ओ देऊ द्यायची नाही. म्हणायची, तिसरी हाक माणूसच मारतो, बाकीच्यांना तेवढा दम नसतो. मी चाळीस वर्षं विहारात उभा राहून सांगत आलो की भुतं नसतात, हाका नसतात, असतो तो मनाचा खेळ. पण जिभेला हे कुणी सांगितलंच नाही. फाउंड्रीत तू भट्टीजवळून तीनदा बोंबलल्याशिवाय मी वळायचो नाही, आणि तू मला बहिरा म्हणायचास. (आता बघ, देव नसला तरी न्याय आहे.) तर सांगायचं असं, की माणसाला हाक मारली की तो जरा वेळ घेतो. खाकरतो, चप्पल शोधतो. हा डबा वाटच बघत असतो. आपण बोलत नसतो तेव्हाही तो ऐकत असल्याशिवाय त्याला नाव कळतं कसं?

ही शंका मी संघर्षला विचारली. तो म्हणाला, बाबा, ते सगळं अटींमध्ये लिहिलंय. म्हणून मी अटी वाचल्या. एक्केचाळीस पानं, डिक्शनरी घेऊन, पाच दिवस. संघर्ष म्हणतो, अख्ख्या देशात त्या वाचणारे तुम्ही पहिलेच असाल. माझ्या बापानं न वाचता कागदावर अंगठा दिला आणि त्यात रान गेलं, म्हणून मी कंदिलाखाली अक्षरं गिरवून सही शिकलो. आता बघ गंमत. फोन उघडायला परत अंगठाच. आणि त्या एक्केचाळीस पानांत एकच गोष्ट फिरून फिरून लिहिलीय, की तुमची गुपितं आम्हाला फार मोलाची आहेत. मोलाची असणारच, त्याशिवाय का गोळा करतायत?

पण हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. महिन्यापूर्वी क्रांतीचा फोन आला. आवाज मऊ करून बोलत होती, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाली, "मामा, तुम्ही रोज दुपारी सोबतीला तेच तेच का विचारता?" डब्याशी झालेलं सगळं बोलणं म्हणे तिच्या फोनवर दिसतं, कारण डबा तिच्या नावावर आहे. मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी, 'आज वार कुठला?' दोन पंचवीसला, 'आज वार कुठला?' दोन चाळीसला तेच. मी म्हणालो, बाई, दोन ते चार मी विहाराच्या वाचनालयात असतो, बावीस वर्षं किल्ली माझ्या खिशात आहे, घरात कोण असणार? तिनं सगळ्या वेळा परत एकदा वाचून दाखवल्या. मग म्हणाली, "मामा, आता तुम्ही पुण्यालाच या."

दिलदार, तुला म्हणून सांगतो. त्या वाक्याला मी भट्टीपेक्षा जास्त भितो. पुण्यात नवव्या मजल्यावर त्यांचं घर आहे. खाली बघितलं की माणसं मुंग्यांसारखी दिसतात आणि मुंग्या तर दिसतच नाहीत. इथं माझं घर आहे, कडुलिंब आहे, दीड हजार पुस्तकं आहेत आणि कोणतं कुणाकडं गेलंय ते माझ्या डोक्यात आहे. इथनं उपटलं तर मी लागायचा नाही. म्हणून मी ठरवलं, घरात कुणीतरी शिरतंय आणि ते कोण हे पकडून क्रांतीला दाखवायचं.

त्या शिरणाऱ्याला मी पावणं म्हणू लागलो. क्रांतीनं त्यांचा आवाज व्हॉट्सॲपवर पाठवला. आवाज माझाच. अगदी वाक्याच्या शेवटी मी खाकरतो ते खाकरणंसुद्धा. नकलाकार पक्का, मी म्हटलं. एके दिवशी पावण्यांनी विचारलंय, 'यल्लव्वा कुठं गेली?' बाई म्हणते, 'यल्लव्वा हे नाव तुमच्या यादीत आहे. फोन लावू का?' पावणं म्हणतात, 'लाव.' आणि मग ती दुसरी बाई, सगळ्यांना ठाऊक असलेली, की आपण डायल केलेला नंबर सध्या अस्तित्वात नाही. हे मी चाळीस वर्षं लोकांना भाषणात सांगतोय, की मेल्यावर माणूस अस्तित्वात नसतो, कुणी ऐकलं नाही. कंपनीनं एका वाक्यात सांगितलं. फक्त त्यातला 'सध्या' हा शब्द मला आवडला नाही. ऐकून मी घरातले सगळे दिवे लावले. दुपारचे साडेचार वाजले होते.

कंपनीला फोन केला, म्हटलं हे सगळं पुसा. बाई इतकी गोड, की बोलताना मला साखर वाढेल अशी भीती वाटली. म्हणाली, ओळख पटवा, तुमच्या पहिल्या शाळेचं नाव सांगा. मी म्हणालो, मी शाळेत गेलोच नाही, आपलं आपण शिकलो. ती म्हणाली, हे उत्तर चुकीचं आहे. (डबा क्रांतीच्या नावावर, तिनं आपली शाळा घातली असणार. पण सत्तर वर्षांच्या माणसाला त्याचं आयुष्य चुकीचं आहे असं इतक्या गोडीनं अजून कुणी सांगितलं नव्हतं.) आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सर, काल पण तुम्ही हेच उत्तर दिलं होतं." काल मी फोन केलाच नव्हता. म्हणजे पावणं माझ्या तक्रारीसुद्धा करत होते. चोर असावा तर असा कामसू.

मग जाहिराती सुरू झाल्या. मी फोनवर ज्वारीचा भाव बघायला गेलो की मध्ये येणार, स्मरणशक्तीचं चूर्ण. भाषण ऐकायला गेलो की, मेंदूचा व्यायाम, रोज दहा मिनिटं. परवा तर एका हिरव्यागार बागेत म्हातारी माणसं हसत बसलेली, ज्येष्ठांसाठी निवास, पुणे. पुणे त्यांना कुणी सांगितलं? मी फक्त यल्लव्वाच्या फोटोला सांगितलं होतं.

शेवटी मी पीठ पसरलं. हसू नकोस. मयताच्या जागी दिवा लावून पीठ पसरतात आणि कुणाचं पाऊल उमटतं ते बघतात, त्या पिठावरनं मी किती घरांत भांडलोय तू बघितलं आहेस. पण हे पीठ मेलेल्यासाठी नव्हतं, जित्या चोरासाठी होतं, म्हणजे शास्त्रीयच झालं. उंबऱ्यापासून शोकेसपर्यंत पीठ चाळून वाचनालयात निघालो, तर शेजारची धोंडुबाई दारात. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गणपतराव, ह्याच पिठावरनं आमास्नी जल्मभर शिव्या दिल्यासा, आन आता सोता पसरताय व्हय?" मी तिला शास्त्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि जाताना शांतपणे म्हणाली, ज्वारीचं न्हाय चालत, तांदळाचं लागतंय.

चारला परत आलो. कुलूप जसंच्या तसं. आत पावलं होती. उंबऱ्यातून सरळ डब्यापाशी. तिथं पीठ तुडवून तुडवून काळं झालेलं, म्हणजे पावणं बराच वेळ उभं होतं. मग खाटेपर्यंत, मग बाहेर. कोल्हापुरी चप्पल, उजव्या टाचेला तीन खिळे, त्यातला एक वाकडा. मी माझी चप्पल काढून शेजारी ठेवली. तीन खिळे, एक वाकडा. मी काय म्हणालो असेन सांग? मी म्हणालो, हरामखोर माझ्या चपला घालतो. त्या दोन तास माझ्याच पायात होत्या, हे ध्यानात यायला मला रात्रीचं जेवण व्हावं लागलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या आण्णाला विचारलं. हा आपला रिटायर कंडक्टर, रोज पेपर वाचायला येतो. म्हणाला, तुम्ही रोज दोन-तीनदा घरी जाऊन येता की. पण आण्णा पेपर तोंडावर घेऊन झोपतो, त्याची साक्ष कोण धरणार? म्हणून मी स्वतःच पहारा ठेवला. शनिवारी वाचनालयाला सुट्टी दिली, दीड वाजता घराला आतून कडी घातली, काठी घेतली आणि दाराआड स्टुलावर बसलो. दोन वाजले. कुणी आलं नाही. अडीच. मग मला वाटतं जरा डोळा लागला. चार वाजता उठलो तर मी खाटेवर, काठी मांडीवर, कडी तशीच. मी खूश झालो, पावणं घाबरलं म्हणून. क्रांतीला मोठ्या ऐटीत फोन केला, आज काही सापडलं का बघ. ती म्हणाली, थांबा, बघते. मग तिनं आवाज पाठवला. दोन वाजून पन्नास मिनिटं.

'सोबती.'

'हं, सांगा.'

'मी ही काठी कशाला घेतलीय?'

आणि खाकरणं.

कडी आतून होती, दिलदार. घरात मी एकटा होतो. म्हणजे भुतं नसतात हे सिद्ध झालं. माझं चाळीस वर्षांचं म्हणणं खरं ठरलं, पण कुणाला ओरडून सांगावंसं वाटेना.

सांगायचा मुद्दा इतकाच, की ह्या वस्तू घरात घेऊ नयेत. मी डब्याची पिन काढली, त्याला पातेल्याखाली घातला, वर वरवंटा ठेवला. तूही तुझ्या पोराला, आरिफला सांग, असलं काही आणलं तर उंबऱ्याबाहेर ठेव. तुमच्या मागांच्या खडखडाटात त्याला काही ऐकू येणार नाही ही गोष्ट वेगळी. बाकी क्षेम. सर्वांना आठवण सांग.

तुझा,
गणपा

ता. क. वर पातेल्याचं लिहिलंय ते खोटं आहे. म्हणजे घातला होता, रविवारी सकाळी. दुपारी परत काढला. क्रांती मला डॉक्टरकडं नेणार आहे, पुढच्या आठवड्यात येतेय, रडत होती. तिच्यावर माझा राग नाही. राग एवढ्याचाच आहे, की माझं काय हरवतंय ते माझ्या आधी, सुनेच्या आधी, डॉक्टरच्या आधी एका दुकानाला कळलं आणि त्यानं लगेच चूर्ण काढलं. पण खरं सांगू? त्या डब्याला एकच गोष्ट नऊ वेळा विचारली, तर नवव्यांदाही पहिल्यासारखं सांगतो. 'आत्ताच सांगितलं की' असं म्हणत नाही. माणसाला एवढा धीर नसतो. म्हणूनच मला त्याची भीती वाटते आणि म्हणूनच तो चालू आहे.

दुसरा ता. क. पत्र ह्यासाठी लिहिलंय. मला पुण्याला जायचं नाही. क्रांतीला मी म्हणालोय, माझा दोस्त दर मंगळवारी येऊन मला बघून जाईल, तोवर राहू दे. तुला न विचारता म्हणालोय. कबनूरहून एसटीनं ये, दुपारी तीनला (मंगळवारी वाचनालय बंद ठेवीन) माझ्या दारासमोर उभा राहा आणि भट्टीवर मारायचास तशी हाक मार. गाव गोळा झालं तरी चालेल. तुला ओ ऐकू येणार नाही, म्हणून मी दारात येऊन हात वर करीन. पहिल्या हाकेला आतून कुणी बोललं असं लोकांनी सांगितलं तर ते सोबती आहे, लक्ष देऊ नकोस. दुसऱ्या हाकेला मी चप्पल शोधत असेन. तिसऱ्या हाकेलाही दारात हात दिसला नाही, तर धोंडुबाईकडं किल्ली आहे, आत ये. आणि मी तुला 'पावणं, कुठलं गाव?' असं विचारलं, तर रागावू नकोस. कबनूर म्हण आणि खाली बस.

तिसरा ता. क. हे पत्र तुला आधी एकदा आलं असेल तर मला सांगू नकोस. दोन्हींतलं चांगलं ठेव.

शेवटचं. मदिनाभाभींचा गुडघा कसा आहे, ते विचारायचं राहूनच गेलं.