उलट्या हेलिकॉप्टरचा साक्षीदार

६ जानेवारी

चिरंजीव भिंगरीस, आजोबांचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तुझे क्षेम मात्र तूच धोक्यात आणले आहेस. येत्या हवाई प्रात्यक्षिकात तू हेलिकॉप्टर आकाशात उभे गोल फिरवणार, माथ्यावर ते पूर्ण उलटे होणार आणि आम्ही टाळ्या वाजवणार, असे तू लिहितेस. मी शांत चित्ताने विचार केला. विमानाला पंख असतात. त्याने कोलांटी मारली तर ती त्याला शोभते. हेलिकॉप्टर हे डोक्यावरच्या पंख्याला लोंबकळणारे यंत्र. पंखा वर आहे म्हणून ते वर जाते. तो खाली गेला की तोच त्याला जमिनीकडे ढकलणार. अनुमान निर्दोष आहे. तेव्हा एक तर तू थट्टा करते आहेस, किंवा तुझ्या वरिष्ठांनी तुला शेंडी लावली आहे.

आणखी एक. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले आहेत, शस्त्रक्रिया लांबवली तर उरलीसुरली नजरही जाईल, असे नेत्रवैद्य म्हणाले. मी त्यांना सांगितले, की पाहण्यासारखे होते ते पाहून झाले आणि पोथी मला पाठ आहे. तू आणि तुझी आजी यांनी या विषयात कट करू नये.

प्रकृतीस जपावे आणि ममता उलटी होऊ देऊ नये.

तुझे आजोबा


१३ जानेवारी

तीर्थरूप आजोबांस, भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे अनुमान वाचून आमचे मेकॅनिककाका इतके हसले, की हातातला पाना तेलाच्या डब्यात पडला. पण ते म्हणाले, की म्हातारबुवा अर्धे बरोबर आहेत. पुष्कळ हेलिकॉप्टरांचा पंखा खांबावर थोडा डुलतो; तसल्या यंत्राने हा खेळ केला तर पंखाच खांब तोडू शकतो. आमचा पंखा ताठ बसवलेला आहे, म्हणून यंत्र त्याच्याबरोबर इमानाने फिरते. उरलेले अर्धे बादलीला विचारा. पाण्याने भरलेली बादली जोरात गोल फिरवली, तर उलटी होऊनही थेंब सांडत नाही. तसाच वेग घेऊन मी वर चढते आणि माथ्यावरही खुर्चीत घट्ट दाबलेली असते. तिथे रेंगाळले, तर मात्र तुमचे म्हणणे खरे ठरेल. म्हणून मी रेंगाळत नाही.

आता पैज. आत्म्याला शस्त्र शिवत नाही, असे तुम्ही श्रोत्यांना रोज सांगता आणि सुरीचे नाव निघाले की पांघरुणात शिरता, असे आजी फोनवर सांगते. हेलिकॉप्टर उलटे होऊन सुलटे झाले, तर तुम्ही मुकाट शस्त्रक्रियेला जायचे. न झाले, तर डोळ्यांचा विषय काढायला बहुधा मी उरणारच नाही.

लोभ कमी करू नये. वाढवल्यास तक्रार नाही.

भिंगरी


१९ जानेवारी

चिरंजीव भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

पैज मान्य. तुझे शेवटचे वाक्य अमान्य. असले अभद्र पुन्हा लिहिशील तर कान पिळायला तिथवर येईन.

माझी अट एकच. या वादात प्रत्यक्ष तेवढेच प्रमाण. चित्रफीत चालणार नाही, वर्तमानपत्र चालणार नाही आणि ज्याचा पाना तेलात पडतो त्याची साक्ष तर मुळीच नाही. मी स्वतः मैदानात बसेन आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन तेच खरे. ही अट ऐकून शेजारचे घड्याळजी खो खो हसत सुटले. कारण मला उमगले नाही.

जेवणखाण वेळेवर ठेवावे. आमचा जीव तुझ्यापाशी आहे, तो सांभाळून वापरावा.

आजोबा


११ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

प्रात्यक्षिक पार पडले, तू सुखरूप उतरलीस, ही ईश्वराची कृपा. आता निकाल.

मी, तुझी आजी आणि घड्याळजी पहिल्या रांगेत होतो. आवाज वर गेला. सारे मैदान ओरडले. घड्याळजींनी माझा खांदा असा आवळला की तो अजून ठणकतो. मी मान वर करून पाहिले. मला दिसली ती दुधात पडलेली माशी. ती काही वेळ होती, मग नव्हती, मग दुसरीकडे होती. दरम्यान ती उलटी होती की सुलटी, हे शपथेवर सांगणे म्हणजे असत्य भाषण. सबब प्रत्यक्ष सिद्ध झाले नाही आणि पैज मी जिंकली. टाळ्या वाजवल्या, हे खरे. पण त्या तू उतरलीस म्हणून.

राग मानू नये. मानलाच तर सविस्तर कळवावा.

आजोबा


१७ फेब्रुवारी

तीर्थरूप आजोबांस, दुधातल्या माशीचा शि. सा. न. वि. वि.

डोळे अधू म्हणून डोळ्यांची पैज जिंकणारा माणूस त्रिभुवनात एकच, आणि तो माझ्या वाट्याला आला!

पण एक शंका आहे. मी सुखरूप उतरले, हे तुम्हांला कसे कळले? पाहिले तर नव्हते. शेजारी बसलेल्या आजीने सांगितले असणार. तुम्हीच मला शिकवलेत, की डोळा पोचत नाही तिथे आप्ताचा शब्द प्रमाण. आणि आप्त म्हणजे जो विषय जाणतो आणि खोटे बोलत नाही. आजी म्हणते, मी उतरले. तीच आजी म्हणते, मी उलटी झाले. तिचे एक वाक्य घ्यायचे आणि दुसरे टाकायचे, हा कुठला न्याय? तेव्हा हार कबूल करा, नाहीतर आजी आप्त नव्हे असे लेखी द्या.

उत्तराकडे आणि तुमच्या धैर्याकडे डोळे लावून आहे.

भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीला आजीचे आशीर्वाद.

तुझे पत्र मीच त्यांना वाचून दाखवले. वर्षभर त्यांची पत्रे मीच वाचते आणि ते सांगतील तशी मीच लिहिते, हे त्यांनी तुला कळवले नसेल. आजीने कट करू नये, हे वाक्यसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. लेखनिकाने मध्ये बोलू नये म्हणून गप्प राहिले.

मैदानात त्यांनी माझा हात सोडला नाही. आता कुठे आहे, आता सरळ झाली का, असा जप चालला होता. सरळ झाली, असे मी म्हटल्यावर श्वास घेतला. खाली उतरली म्हटल्यावर हात सोडून टाळ्या वाजवल्या. आता म्हणतात, विचार करून सांगतो. मी आप्त आहे की नाही ते ठरेपर्यंत चहा स्वतःचा स्वतः करा, असे मी सांगितले आहे. काल त्यात साखरेऐवजी मीठ पडले. चांगला झालाय म्हणाले आणि सगळा प्यायले.

सवड काढून ये. मायेला सुट्टी नसते, तुला मिळते.

आजी


१४ मार्च

चिरंजीव भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. ओळी वाकड्या आहेत, पण त्या वाकड्या आहेत हे मला दिसते आहे. मी हरलो. तुझी आजी आप्त आहे, हे लेखी देतो. चहा पूर्ववत सुरू झाला आहे. एका डोळ्याचे काम झाले, दुसऱ्याचे पुढच्या महिन्यात. टेबलावर मी मोठ्याने जप सुरू केला, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यबाई म्हणाल्या, की देवाला मनातलेही ऐकू येते आणि बोलण्याने डोके हलते. शास्त्रशुद्ध बोलल्या.

पट्टी निघाली तेव्हा समोर तुझी आजी होती. तिचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत, हे मला कोणीच सांगितले नव्हते. कशी दिसते, असे तिने विचारले. अजून पाहतो आहे, थांब, असे मी म्हटले, आणि ती बराच वेळ थांबली.

पुढचे प्रात्यक्षिक कधी आहे? आम्ही येऊ. मात्र आता मला सगळे स्वच्छ दिसणार, हीच पंचाईत आहे. तू माथ्यावर उलटी होशील, तेवढ्या वेळात मी कुठे पाहायचे, ते परतीच्या टपालाने कळवावे.

तुझे आजोबा